गच्चीखालचा आर्किटेक्ट

विद्यापीठातून फोन आला तेव्हा बकीरसाहेब जेवत होते, आणि भरल्या तोंडाने माणूस 'हं' एवढंच म्हणू शकतो. नाही म्हणायचं तर आधी घास गिळावा लागतो, मग कारणं द्यावी लागतात. फोनवरच्या प्राध्यापकबाई फार गोड बोलत होत्या. उन्हाळी कार्यशाळा आहे, मुलं वर्गात नकाशे काढून काढून आंबली आहेत, त्यांना खऱ्या व्यवसायाचं तोंड दिसावं म्हणून एकेका गटाला एकेका मुरलेल्या आर्किटेक्टकडे महिनाभर पाठवायचंय. आणि अल्जेरियाच्या वाळवंटात, म्झाबच्या खोऱ्यात, तुमच्याइतकं मुरलेलं दुसरं कोण आहे? या शेवटच्या वाक्यावर बकीरसाहेबांनी दुसऱ्यांदा 'हं' म्हटलं.

अट एकच होती. महिन्याअखेर काहीतरी प्रत्यक्ष उभं राहिलेलं हवं. कितीही लहान चालेल, पण ते कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे, आणि आर्किटेक्टने स्वतः डोळ्यांनी पाहून 'झालं' म्हटलं पाहिजे.

"जुलैत?" त्यांची बायको बेया म्हणाली. "जुलैत इथे सरडेसुद्धा सुट्टीवर असतात."

बकीरसाहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. त्यांच्या डोक्यात बेत तयार होता. गेली कित्येक वर्षं ते एका भव्य सांस्कृतिक केंद्राचा आराखडा घासूनपुसून लखलखीत करत होते. हे केंद्र त्यांच्याकडे कुणीही मागितलेलं नव्हतं. लोक त्यांच्याकडे येत ते गॅरेजवर एक मजला चढवायला, किंवा चढवून झालेल्या मजल्याची परवानगी काढायला. पोरं येतील, केंद्राचं पुठ्ठ्याचं मॉडेल करतील, मॉडेल टेबलावर उभं राहील, आणि उभं राहिलं म्हणजे झालंच की.

पोरं आली. कॉन्स्टन्टीनची वसीला, जिला चष्म्याआडून प्रश्न पडत. तिझी-ऊझूची तिनहिनान, जी बोलायच्या ऐवजी चित्र काढायची. आणि ओरानचा फोदिल, जो चित्र काढायच्या ऐवजी बोलायचा. बकीरसाहेबांनी सांस्कृतिक केंद्राचे कागद टेबलभर पसरले. तिघांनी ते आदराने पाहिले. मग वसीलाने चष्मा वर सारला.

"सर, हे बांधायला सांगितलंय कुणी?"

माणसाची अब्रू अशा वेळी जे हाताला लागेल ते धरते. बकीरसाहेबांच्या हाताला आत्या लागली. हे झालं कल्पनेचं काम, ते म्हणाले, पण आपलं खरं काम वेगळंच आहे. माझ्या आत्याच्या गच्चीवर सावली करायची आहे. छोटंसंच काम आहे.

छोटंसं काम, असं जो आर्किटेक्ट म्हणतो त्याच्या डोक्यावर त्या क्षणी फरिश्ते हसत असावेत.

आत्याचं नाव सेत्ती, पण सगळी गल्ली तिला नान्ना म्हणायची. बकीरसाहेबांची आई लवकर गेली, त्यांना नान्नानेच वाढवलं. अजूनही ती त्यांच्याशी बोलताना ते शाळेतून उशिरा आले आहेत अशाच सुरात बोलायची. वसंतात ती दुखऱ्या गुडघ्यांनी कशीबशी गच्चीवर चढली, गादीवर बसली आणि तिने जाहीर केलं की चढले ती चढले, आता मला खाली न्याल ते चौघांच्या खांद्यावरूनच. खाली अंधार, खाली एकटेपण. वर गल्लीतल्या सगळ्या बायका. भाकरी वर, लोकर वर, लग्नं जमायची ती वर आणि मोडायची तीही वर. ज्यांना जमतं ती कुटुंबं उन्हाळ्यात खजुराच्या बागांतल्या घरांत जातात. ज्यांना जमत नाही त्यांच्या बायकांना गच्ची हीच बाग.

पण गच्चीवरची तिची खोली उन्हात भट्टी व्हायची. मागच्या उन्हाळ्यात नान्नाला तिथे चक्कर आली होती. तिचा मुलगा हम्मू अल्जिअर्सला विमा कंपनीत मोठा साहेब, पाचव्या मजल्यावर राहायचा. त्याचा निरोप आला होता: महिनाअखेरीला येतो आणि आईला घेऊन जातो, आता कुणाचं ऐकणार नाही. माणूस वाईट नव्हता, भ्यालेला होता. त्याने आईसाठी थंड हवेचं यंत्रही बसवून पाहिलं होतं. नान्नाने दोन दिवसांत ते बंद केलं, कारण त्याच्या घरघरीत शेजारणींचं बोलणं ऐकू येत नव्हतं.

"पाच मजले चढून जायचं आणि शेवटी बोलायला गच्ची नाही," नान्ना म्हणाली होती. "तिथे मी तोंड मिटूनच मरेन रे, बकीर."

सावली करतो, सावली करतो, असं बकीरसाहेब वसंतापासून म्हणत होते. आता करणं भाग होतं. महिनाअखेरपर्यंत सावली झाली नाही, तर नान्ना बसमध्ये बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पोरांना घेऊन साइटवर गेले. हातात टेप, खिशात दोन रंगांच्या पेन्सिली, चेहऱ्यावर अनुभव. नान्नाच्या घरात शिरून त्यांनी पोरांना सांगितलं की व्यवसायाचा पहिला धडा म्हणजे जागा स्वतःच्या पायांनी पाहणे, आणि जिना चढायला लागले. चार पायऱ्या चढून रिवाजाप्रमाणे खाकरले.

"तू कुठे निघालास?" वरून आवाज आला. "पलीकडे बायका पीठ मळतायत."

बकीरसाहेब चार पायऱ्या उतरले. आता यात नवीन काहीच नव्हतं. गच्च्या बायकांच्या, हे कुठे लिहिलेलं नाही आणि कुणी मोडतही नाही. जिथून चार घरच्या गच्च्या दिसतात तिथे दिवसाढवळ्या पुरुषाने पाय ठेवायचा नसतो. हे त्यांना जन्मापासून ठाऊक होतं. फक्त आपण निवडलेली साइट म्हणजे नेमकी हीच जागा, एवढं त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. तीस वर्षं त्यांनी गावभर गच्च्या काढल्या होत्या; पण त्या कागदावर, वरून पाहिलेल्या, आणि कागदावर कुणी पीठ मळत नाही.

"मग व्यवसायाचा पहिला धडा आम्ही घेऊन येतो, सर," वसीला म्हणाली, आणि दोघी वर गेल्या.

बकीरसाहेब आणि फोदिल खाली ओट्यावर बसले. दुपारची नमाज झाली, पोरी नाहीत. वरून हसण्याचे आवाज येत होते, गव्हाच्या रवाळ कुसकुसचा वास येत होता. फोदिलला भूक फार, त्याला तो वास सोसवेना. अस्रची, म्हणजे तिसऱ्या प्रहराची नमाज झाल्यावर पोरी उतरल्या. केसांना तेल, तिनहिनानच्या तळहातावर मेंदी, दोघींच्या डोळ्यांवर जेवणाची झापड. बकीरसाहेब रागावून काही बोलणार इतक्यात तिनहिनानने वही उघडली. तिच्यात सगळी गच्ची होती. भिंतींची उंची, कठड्यांची जाडी, वारा कुठल्या वेळी कुठून येतो, नान्नाची गादी कुठे, ती कुठल्या बाजूला तोंड करून बसते, आणि दर तासाला ऊन कुठवर येतं त्याच्या रेघा; गच्चीच्या फरशीवर खडूने ऊन आखून मग तिने ते कागदावर उतरवलं होतं. बकीरसाहेबांनी पान उलटलं, पुन्हा मागे उलटलं. इतकं चांगलं मोजमाप त्यांच्या ऑफिसात कुणी केलं नव्हतं, आणि त्यांच्या ऑफिसात ते एकटेच होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. कौतुक लगेच करायचं नसतं, हा व्यवसायाचा दुसरा धडा.

त्या रात्रीच त्यांनी आराखडा केला. चकचकीत पोलादी नळ्या, वर बाकदार प्लास्टिकचं छत, सांस्कृतिक केंद्राच्या प्रवेशद्वाराशी नातं सांगणारं. सकाळी नान्नाच्या गच्चीवरून दोरीला बांधलेली टोपली खाली आली, तिच्यातून आराखडा वर गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग टोपली खाली आली. तिच्यात आराखडा होता, त्यावर टोमॅटोच्या बियांचा डाग होता, आणि थोडे खजूर होते. वसीला निरोप घेऊन उतरली. नान्ना म्हणते, नळ्या तापतील, तव्यावर बसवणार का मला? शेजारच्या बायका म्हणतात, प्लास्टिकवर पोपडे येतात आणि त्याखाली माणूस उकडतो. आणि हिवाळ्यात आम्हाला ऊन हवं, तेव्हा हे हलणार कसं?

"आणि खजूर कशाला?" बकीरसाहेबांनी विचारलं.

"तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून."

त्यानंतर टोपली वर-खाली होत राहिली. बकीरसाहेबांचा आराखडा वर जाई आणि दर खेपेस अंगावरचा एकेक दागिना काढून ठेवून खाली येई. आधी नळ्या गेल्या, मग बाक गेला, मग प्रवेशद्वाराशी असलेलं नातं तुटलं. शेवटी उरलं ते असं: भिंतीतल्या कड्यांमधून ताणलेले खजुराच्या काथ्याचे दोर, त्यांवर सरकणाऱ्या खजुराच्या झावळ्यांच्या चटया, दोन थरांत, मधून वारा जाईल अशा. उन्हाळ्यात पसरायच्या, हिवाळ्यात गुंडाळून ठेवायच्या. बकीरसाहेबांना दोन दिवस अपमान वाटला. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद पुन्हा पाहिला आणि त्यांना वाटलं की हे आपल्याला सुचायला हवं होतं. त्याने जास्तच अपमान वाटला.

मग नगरपालिका. बकीरसाहेब तिथे परवानगीला गेले ते हसतमुखाने, कारण तिथला कारकून त्यांच्या ओळखीचा. ओळखीच्या कारकुनासारखा शत्रू नाही. अनोळखी माणूस निदान नियम सांगून गप्प बसतो. याने चहा मागवला आणि विचारात पडला. जुनं गाव, म्हणजे वारसा. वारसा, म्हणजे समिती. समितीला जागेचे फोटो लागतात. गच्चीचे फोटो कसे काढणार, त्यात कुणाची बायको आली तर? बरं, मग अधिकारी जाऊन पाहील. अधिकारी पुरुष. बाई अधिकारी? ती बदली होऊन गेली. मग कारकुनाला एकदम सुचलं: हे सरकतं ना? सरकतं म्हणजे बांधकामच नव्हे. बकीरसाहेबांनी सुटकेचा श्वास घेतला. पण कारकून पुढे म्हणाला की बांधकाम नाही तर ती वस्तू झाली, आणि वस्तूंचं सगळं बाजार विभाग पाहतो. बाजार विभागाने विचारलं की या चटया तुम्ही विकणार का? नाही? मग आमच्याकडे का आलात? असं तीनदा झाल्यावर बकीरसाहेबांनी हात टेकले आणि ठरवलं की ज्या गोष्टीला कुणाचीच परवानगी लागत नाही ती आपण करूच शकतो.

काम सुरू झालं. फोदिल बागेतून झावळ्या आणि काथ्याचे भारे गाढवावर लादून आणायचा. खाली गल्लीत तो आणि बकीरसाहेब चटया विणून घेत. वर दोघी पोरी आणि अर्धी गल्ली दोर ताणत. बकीरसाहेबांचं काम देखरेखीचं. उंटावरून शेळ्या हाकणारे आपण पुष्कळ पाहतो. इथे शेळ्या उंटावर होत्या आणि हाकणारा खाली. ते गल्लीत मान वर करून उभे राहत आणि ओरडत, "डावीकडे!" पण कुणाची डावी, हे ठरत नसे. पोरींना नावाने हाक मारणं गल्लीत शोभेना, म्हणून ते "अहो, ताणा जरा" असं मोघम ओरडत आणि चार गच्च्यांवरच्या बायका आपापलं जे काही हातात असेल ते ताणत. एकीची वाळत घातलेली लोकर त्यात उसवली.

येणारेजाणारे थांबत आणि सल्ला देत. किराणावाला म्हणाला दोर ओले करून ताणा. निवृत्त मास्तर म्हणाले ओले मुळीच करू नका. एक जण म्हणाला त्याच्या मेव्हण्याने ताडपत्री टाकली होती, ती उडून पुढच्या गावात सापडली. बकीरसाहेब प्रत्येकाला मान डोलावून दाखवत. मानेला त्यामुळे दोन दिशांचा व्यायाम झाला आणि ती आखडली. बेयाने शेकायला गरम वाळूची पुरचुंडी दिली आणि म्हणाली, "अहो, तुम्ही न ओरडता उभे राहिलात ना, तरी काम होतं. आम्ही वर करतोच आहोत."

"तूही वर असतेस?"

"सगळ्याच असतात. त्या पोरींनी आम्हाला कामाला लावलंय."

हे मात्र खरं होतं, आणि तिच्या आवाजात कौतुक होतं. बकीरसाहेबांच्याही पोटात होतं, पण ते अजून पोटातच होतं.

आणि मग तक्रार आली.

नान्नाच्या पलीकडची गच्ची लाल्ला शाशाची. लाल्ला शाशा विधवा, नान्नाच्याच वयाची, आणि दोघींचं बोलणं बंद. हम्मूच्या लग्नासाठी नान्नाने गच्चीवर वाळत घातलेलं सगळं कुसकुस लाल्ला शाशाच्या शेळीने खाल्लं होतं. लग्न झालं, हम्मूची मुलं शाळेत जायला लागली, शेळी कधीची अल्लाला प्यारी झाली. भांडण मात्र ठणठणीत होतं. दोघींच्या मधे कमरेएवढा कठडा होता आणि त्या त्याच्याकडे पाठ करून बसायच्या. पोरींनाही नान्नाने पहिल्याच दिवशी बजावलं होतं की त्या बाजूला पाहायचं नाही.

लाल्ला शाशाने दिराकरवी अमीन बाहमद यांच्याकडे निरोप पाठवला: शेजारच्या छपराच्या सावलीबद्दल माझं गाऱ्हाणं आहे.

गाव हादरलं. अमीन बाहमद म्हणजे बांधकामाचे जुने रिवाज सांभाळणारे गावाचे बुजुर्ग, आणि या खोऱ्यात सगळ्यात जुना रिवाज हाच: शेजाऱ्याचं ऊन अडवायचं नाही. घर बांधा, वाढवा, पण तुमच्या भिंतीची सावली शेजाऱ्याच्या गच्चीवर पडता कामा नये. या नियमावर बाप-लेकांची तोंडं फिरली आहेत, पडलेल्या भिंती आहेत, हातभर कमी केलेले कठडे आहेत. बकीरसाहेब याच नियमावर व्याख्यानं द्यायचे. त्यांच्यावर सावलीचा आळ यावा? कामाला स्थगिती मिळाली. महिना संपत आला होता, हम्मू निघायच्या तयारीत होता, आणि नान्नाच्या डोक्यावर अर्ध्याच चटया होत्या.

अमीन दोन म्हाताऱ्यांना घेऊन गल्लीत आले. तिघांनी गच्चीकडे मान वर करून पाहिलं. त्यांना भिंत दिसली. एकाने काठी रोवून तिची सावली मोजली, दुसऱ्याने सुतळी धरली, आणि कुणालाच न दिसणाऱ्या सावलीवर अख्खी सकाळ वाद झाला. लाल्ला शाशाला वर जाऊन विचारावं तर पुरुषाने जायचं कसं? आणि विचारायचं तरी काय? सावलीचं गाऱ्हाणं म्हटल्यावर ते काय असणार हे लहान मुलालाही कळतं.

दुसऱ्या दिवशी वसीलाने अमीनसमोर कागद पसरले. वर्षाच्या प्रत्येक महिन्यात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, त्या चटयांची सावली कुठे पडेल याची चित्रं. सूर्याचं गणित वसीलाचं, रेघ तिनहिनानची. आणि चित्रांवर कुणी विश्वास ठेवणार नाही म्हणून त्यांनी त्या दिवशीची सावली फरशीवर खडूने आखून, चार शेजारणींना साक्षी ठेवून, ताडून पाहिली होती. दोघी सगळी दुपार उन्हात उभ्या होत्या. वसीलाच्या नाकाची सालं निघाली होती. अमीन बाहमद यांनी एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं. त्यांच्या हातून शेकडो भिंती गेल्या होत्या.

"बकीर, बाळा," ते शेवटी म्हणाले, "सावलीवर मी आयुष्यभर निवाडे दिले. ती अशी कागदावर बसलेली आज पाहिली."

आता बकीरसाहेबांच्या पोटातलं कौतुक वर आलं आणि ते सगळ्यांदेखत म्हणाले की मी या पोरींना काही शिकवलेलं नाही, हे सगळं त्यांचं आहे. फोदिल म्हणाला, गाढव माझं होतं. तेही बकीरसाहेबांनी मान्य केलं.

निवाडा सांगायला सगळे लाल्ला शाशाच्या दारी गेले. पुरुष उंबऱ्याच्या अलीकडे, ती आतल्या वळणाआड, न दिसणारी. अमीननी खणखणीत आवाजात सांगितलं: बाई, निश्चिंत राहा. वर्षातल्या एकाही दिवशी, एकाही घटकेला, ती सावली तुमच्या गच्चीवर बोटभरही येत नाही.

"तेच तर माझं गाऱ्हाणं आहे," लाल्ला शाशा म्हणाली.

अमीन बाहमद यांनी पुढे झुकून कान दिला.

"तिला सावली, मला ऊन. महिनाभर माझ्या डोळ्यांसमोर दोर ताणतायत आणि कठड्यापाशी येऊन थांबतायत. मी काय तव्यावर बसायचं? तिच्याकडे मागायला मी जाणार नाही. म्हणून रीतसर तुमच्याकडे आले."

गल्लीत कुणी कुणाकडे पाहीना. शेकडो वर्षं या खोऱ्यातले शहाणे पुरुष सावली शेजाऱ्याकडे जाऊ नये म्हणून जागत आले. ती यावी असं कुणाला वाटेल, ही शंका एकालाही शिवली नव्हती. एक म्हातारा म्हणाला की याला आधार नाही. दुसरा म्हणाला की विरोधही नाही. अमीन दाढी कुरवाळत बसले. संमतीने का होईना, पण उद्या लाल्ला शाशाचं मन फिरलं आणि तिला ऊन हवं झालं, तर? रिवाज मोडल्याचं पाप कुणाला?

तेव्हा तिनहिनान, जी महिनाभरात वाक्यभरही बोलली नव्हती, हळूच म्हणाली, "दोराचं शेवटचं टोक त्यांच्या भिंतीत बांधू. कडी त्यांच्या हातात. त्यांना नको असेल तेव्हा त्या सोडतील."

अमीननी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, ज्याच्या हातात कडी, सावली त्याची. शेजाऱ्याची पडली असं होत नाही. बांधा.

अर्थात नान्नाला विचारायचं राहिलंच होतं. वसीला धावत वर गेली. नान्नाने ऐकून घेतलं आणि कठड्याकडे तोंड न वळवता मोठ्याने म्हणाली की तिला सांगा, या वेळी शेळी आणायची नाही. कठड्यापलीकडून थेट उत्तर आलं की शेळीला तेव्हाही ते कुसकुस आवडलं नव्हतं, मीठ कमी होतं. त्यानंतर दोघी संध्याकाळपर्यंत भांडत होत्या, पण आता मधे निरोप्या नव्हता. वसीलाने चष्मा काढून डोळे पुसले. धूळ गेली म्हणाली.

चटया लाल्ला शाशाच्या भिंतीपर्यंत गेल्या, तेव्हा कार्यशाळेचा शेवटचा दिवस उरला होता. आणि आर्किटेक्टने स्वतः पाहून 'झालं' म्हणायचं बाकी होतं.

बकीरसाहेब कात्रीत सापडले. न पाहता म्हणणं त्यांच्याने होईना. पोरींच्या अशा कामाला खोटी मान डोलवायची? प्राध्यापकबाईंना काय सांगायचं या विचाराने त्यांना रात्रभर डोळा लागला नाही. पहाटेच्या नमाजेहून ते परतले तेव्हा बेया दारात उभी होती.

"चला," ती म्हणाली. "आसपासच्या सगळ्या गच्च्या रिकाम्या केल्यात. ऊन खोलीच्या उंबऱ्यावर येईपर्यंत सगळ्याजणी खाली थांबतील. नान्ना तेवढी वर आहे. पाहून या."

बकीरसाहेब जिना चढले. रिवाजाप्रमाणे खाकरले. या वेळी कुणी हटकलं नाही.

आजूबाजूला दहाबारा गच्च्या, सगळ्या ओस. अर्धं मळलेलं पीठ झाकलेलं, बादलीत कपड्यांचे पिळे तसेच. एका माणसाने चटया पाहाव्यात म्हणून गल्लीतल्या सगळ्या बायका खाली अंधारात उतरून बसल्या होत्या. आणि डोक्यावर, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, ती सावली. सूर्य वर येत होता आणि झावळ्यांमधून त्याचे बारीक कवडसे फरशीवर पडत होते. दोन थरांमधून वारा येत होता. बकीरसाहेबांनी सवयीने चूक शोधली. दोर पाहिले, कड्या ओढून पाहिल्या, उताराचा अंदाज घेतला. चूक सापडेना. मग त्यांना वाटलं की गिऱ्हाइकाच्या जागेवरून पाहायला हवं, म्हणून ते नान्नाशेजारी गादीवर टेकले. मग आडवे झाले, कारण नान्ना आडवी झाल्यावर तिला काय दिसेल तेही पाहायला हवं. वारा कपाळावरून गेला. नान्नाने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

"बरं झालंय का रे?" तिने विचारलं.

"फार बरं झालंय," बकीरसाहेब म्हणाले, आणि झोपले.

त्याच सुमारास रात्रभराचा प्रवास करून हम्मू बसमधून उतरला. हातात मोठी रिकामी सूटकेस, आईचं सामान न्यायला. जिन्याखाली बायका दाटीवाटीने बसलेल्या पाहून तो घाबरलाच. बेयाने सांगितलं की काही झालेलं नाही, वर फक्त तपासणी चालली आहे. तो वर गेला, तावातावाने. आईला निघायचं सांगण्याआधी दम खायला दोन मिनिटं गादीच्या कडेला बसला. नान्नाने त्याच्या मानेखाली उशी सरकवली.

ऊन खोलीच्या उंबऱ्यावर आलं, उंबरा ओलांडून आत गेलं. खालच्या बायका उकडून निघाल्या. गच्चीच्या फरशीत उजेडासाठी जाळी असते, तिच्यातून लाल्ला शाशाने दबक्या आवाजात विचारलं, "सेत्ती, उठले का गं तुझे साहेब लोक? माझं पीठ आंबलं."

"एक होता, आता दोन झालेत," नान्नाने जाळीपाशी वाकून सांगितलं. "असू दे आंबलेलं. लहानपणी हे दोघे असे एकदम कधी झोपले नाहीत."

बायका थांबल्या. कुणीही त्यांना उठवलं नाही.

हम्मू जागा झाला तेव्हा परतीची बस निघून गेली होती. त्याने घड्याळ पाहिलं, आईकडे पाहिलं, मग बराच वेळ वर पाहत राहिला. नान्नाची नजर त्या रिकाम्या सूटकेसवर होती, हे शेजारी जागे झालेल्या बकीरसाहेबांना दिसत होतं. हम्मूनेही ते पाहिलं. त्याने आईचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "थंडीत येशील, चार दिवस? पाहुणी म्हणून?" नान्नाने मान डोलावली आणि ओढणीने तोंड झाकून घेतलं.

संध्याकाळच्या बसला फोदिलने हम्मूची सूटकेस उचलली, ती उचलेना. बायकांनी तिच्यात खजूर, वाळवलेले टोमॅटो आणि घरचं कुसकुस ठासून भरलं होतं. कुसकुस लाल्ला शाशाचं, मीठ बरोबर असलेलं. पोरंही त्याच बसने जाणार होती. बकीरसाहेबांनी तिघांनाही 'झालं' म्हटलं, आणि घसा साफ करून आणखीही काही म्हणणार होते, पण वसीला रडायला लागल्यामुळे राहिलं.

हम्मू खिडकीतून वाकला.

"बकीर, एक सांग. माझ्या पाचव्या मजल्याच्या सज्जात अशी सावली करता येईल?"

बकीरसाहेबांनी व्यावसायिक गांभीर्याने विचार केला.

"येईल की. शेजारी कोण राहतं?"

हम्मू आठवत राहिला. बस सुरू झाली, ती कोपऱ्यावरून वळेपर्यंत तो खिडकीत तसाच आठवत होता.

"आधी ते विचारून घे," बकीरसाहेब मागून ओरडले. "दुसरं टोक त्यांच्याकडे बांधावं लागेल."